बाटलीतला फेस

भाट्ये, १४ ऑगस्ट

रुचिरा,

मागचं दार आणि त्याची चौकट. न्हाणीतला बंब, चिमणी धरून. तुझा पाळणा, जो सोळा वर्षांनी दिशालाही पुरला. विहिरीवरचा पंप, भंगारातल्या तीन पंपांचा मिळून एक. आईची मासळीची पेटी, आतून फायबर मारलेली, जिच्यात बर्फ दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो. लाकडाच्या चार होड्या. फायबरच्या सव्वीस, त्यांचे साचेसुद्धा माझेच. हे सगळं मी माझ्या हातांनी केलंय आणि कुठल्या कॉलेजात जाऊन शिकलो नाही. सुरुवातीलाच लिहितो, कारण परवा तू फोनवर आईला म्हणालीस, "बाबांना त्यातलं काय कळतं?" फोन स्पीकरवर होता.

मी फोन करत नाही. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू तुझं सुरू करतेस. कागदावर तसं करता येत नाही, म्हणून हे पत्र.

दिशाची हकीकत आईने सांगितली असेल, पण ती घाबरून सांगते आणि क्रम चुकवते. क्रम असा. आधी घसा धरला, ताप आला, गेला. मग पायांवर लाल ठिपके. मला वाटलं, काच. हल्ली शाळा सुटली की ती शेडमध्ये येऊन बसते, आणि घासकाम चालू असलं की काचेच्या फायबरचा बारीक भुगा उडतो. मला त्याची खाज अर्ध्या आयुष्याची. उपाय ठरलेला आहे: गार पाण्याने धुवायचं, मग चिकटपट्टी लावून ओढायची, काच पट्टीला चिकटून येते. मी तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर पट्ट्या लावून ओढल्या. ती रडली नाही, "बाबा, हळू" एवढंच म्हणाली. पट्ट्या उजेडात धरून बघितल्या. काच नव्हती. सकाळी ठिपके जांभळे झाले आणि कमरेपर्यंत चढले. घोटे सुजले, पोटात कळा. आई म्हणाली, "तुमच्या त्या काचेच्या कापसाने पोर खाल्लीत." मी पोर उचलून सरकारी दवाखान्यात नेली.

तिथे डॉक्टर नेत्रा म्हणून आहेत, वयाने तुझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी पाणी प्यायचा काचेचा पेला घेतला, ठिपक्यांवर दाबला आणि आरपार बघितलं. साधं पुरळ असतं तर दाबल्यावर फिकं पडलं असतं. हे पडलं नाही. मला ही पद्धत आवडली. मग म्हणाल्या, "काका, हे बाहेरून आलेलं नाही. रक्ताच्या बारीक नळ्यांना सूज आलीय. त्या झिरपतायत. मुलांमध्ये होतं असं, घसा धरून गेल्यावर."

"झिरपणं मला समजतं," मी म्हटलं. "होड्या बनवतो."

"मग नीट ऐका. पाय बरे होतील, पोट बरं होईल. मला त्याची काळजी नाही. अशाच नळ्या मूत्रपिंडात असतात, आणि तिथलं झिरपणं वरून दिसत नाही. दर आठवड्याला लघवी तपासायची, ब्लड प्रेशर बघायचं. पुढे महिन्याने. असं सहा महिने. ठिपके गेले तरी."

"ठिपके गेले तरी कशाला?"

"ठिपके गेले की लोक येत नाहीत, म्हणून तर आत्ताच सांगते."

पहिली तपासणी झाली. स्वच्छ आहे. काळजी नको. पत्राचं उत्तर दिलंस तर चालेल, नाही दिलंस तरी.

बाबा


भाट्ये, ९ सप्टेंबर

रुचिरा,

उत्तर मिळालं. सात ओळी, त्यात पाच प्रश्न.

ठिपके गेले. घोटे उतरले. गणपतीत दिशा आरतीला झांजा घेऊन उभी होती, झांज मीच पत्रा ठोकून करून दिली. तुझ्या नावाचे मोदक आईने बाजूला काढले होते, ते शेवटी शेजारच्या जाईबाईच्या नातवंडांनी खाल्ले. हा दुसरा गणपती, ज्यात तू नव्हतीस. मी काही म्हणत नाही.

तुझा मुख्य प्रश्न: तपासणीला नेता का. दोनदा नेलं. दोन्ही वेळा रिपोर्टात काही नाही. तिसऱ्या आठवड्यात हितेशची होडी पाण्यात सोडायची होती, आधीच उशीर झालेला, तो रोज दारात. मग सण आला. तोवर पाय असे स्वच्छ झाले होते की चिकटपट्टीचीही खूण राहिली नव्हती.

पण मी बघत नाही असं समजू नकोस. रोज बघतो. बंदरावर कुणाला डिझेलमध्ये पाणी असल्याचा संशय आला की तो बाटली भरून कुणाकडे आणतो, ठाऊक आहे तुला. पांढऱ्या काचेची बाटली, मागे पांढरा पुठ्ठा, सकाळचं ऊन, आणि न हलवता ठेवायची. पाणी असेल तर तळाला बसतं, घाण असेल तर दिसते. माझं आजवर चुकलेलं नाही. दिशाची सकाळची लघवी मी तशीच खिडकीत ठेवतो. रंग फिका पिवळा, कधी जरा गडद, चहासारखा लाल कधीच नाही. गाळ नाही. वर थोडा फेस राहतो, पण बाटली साबणाने धुतलेली असते आणि साबण काचेला धरून राहतो.

आईला हे पसंत नाही. म्हणाली, "काय ओ, मुताचं दुकान मांडलात काय खिडकीत? वाटेवरून माणसं जातात."

दिशा म्हणाली, "आई, बाबा डॉक्टर झालेत."

"होय तर. होड्यांचे."

हसलो आम्ही तिघंही. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, घरात कुणी रडत बसलेलं नाही.

एक गोष्ट मनात आहे ती लिहून टाकतो. तू माझं रक्त तपासलंस त्याचा मला राग नव्हता. शेडमध्ये चार गिऱ्हाइकं उभी असताना कागद वाचून दाखवलास, "बाबा, तुमची साखर तीनशेच्या घरात आहे," त्याचा होता. त्यातला एक म्हणाला, "मिस्त्री, आता होडीला गूळ लावू नका." मी कागद फाडला आणि तुला जे बोललो ते बोललो. तू बॅग भरलीस. ठाण्याची प्रयोगशाळा तुला लखलाभ. साखरेचं म्हणशील तर मी चहात ती बंद केली आहे, आणि पाय वळतात तेवढं सोडून मला काही होत नाही.

बाबा


भाट्ये, २८ सप्टेंबर

रुचिरा,

कुरिअरने तुझा डबा आला. आत लघवी तपासायच्या पट्ट्या, बाहेर रंगांचा तक्ता, आणि तुझी चिठ्ठी: "बाबा, बाटलीत प्रोटीन दिसत नाही. कितीही पांढरी काच घेतली तरी." डबा मी हत्यारांच्या फळीवर ठेवला आहे. उघडलेला नाही. माझ्या डोळ्यांवर माझ्या मुलीचा भरवसा नाही हे मला कुरिअरवाल्यासमोर सही करताना कळायला नको होतं.

दिशा बरी आहे. अंगाने भरली. जाईबाई तिचा गाल ओढून म्हणाली, "अगो, काय बाळसं धरलंय पोरीने! आजारातून उठली तर अशी उठावी." आईने त्या दिवशी सरंगा शिजवला. शाळेच्या स्कर्टचं बटण लागेना म्हणून मी ते सरकवून लावलं. मोज्यांचं इलॅस्टिक घोट्यावर रुतायला लागलं, संध्याकाळी मोजा काढला की खोल वळ दिसायचा आणि बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मी ब्लेडने इलॅस्टिकचा एक एक धागा सोडवला, मोजा न फाडता. आता वळ पडत नाही. बाजारात नवे मोजे मिळतात, पण त्यांचं इलॅस्टिक तसंच आवळ.

सकाळी तिच्या डोळ्यांच्या पापण्या जड असतात. मोबाइल. मी काढून घेतला. डोकं दुखतं म्हणते, त्याचं कारणही तेच. मोबाइल काढून आठवडा झाला, डोकं अजून दुखतं, पण सवय मोडायला वेळ लागतो.

हल्ली ती शेडमध्ये फारशी येत नाही. शाळेतून आली की ओट्यावर बसते आणि खाडीकडे बघते. परवा मी म्हटलं, "दिशा, भरती लागलीय, चल, तुझी छोटी होडी सोडूया." म्हणाली, "तुम्ही सोडा, बाबा. मी इथून बघते." मी सोडली. एकट्याने सोडली. वळून बघितलं तर ती भिंतीला टेकून झोपली होती.

फेस अजून आहे. बाटली राखेने धुतो, साबण बंद केला.

तू विचारण्याआधी लिहितो, दवाखान्यात नेईन. नवरात्र झालं की नेईन.

बाबा


भाट्ये, १२ ऑक्टोबर

रुचिरा,

डबा उघडला.

पद्धत लिहितो, म्हणजे तुला शंका नको. एक पट्टी विहिरीच्या पाण्यात बुडवली: काही रंगलं नाही, म्हणजे पट्टी खोटं बोलत नाही. दुसरी माझ्यावर केली. तिचा एक चौकोन तपकिरी झाला. तो प्रोटीनचा नव्हता. त्याविषयी इथे काही लिहीत नाही. तिसरी दिशाची. मी घड्याळाकडे बघत होतो, तक्त्यात सांगितलेला वेळ व्हायचा होता, त्याच्या आधीच पिवळा चौकोन हिरवा झाला. तक्त्यावर शेवटचा जो हिरवा आहे त्याच्यापेक्षा गडद. रक्ताचा चौकोनही. बाटली तिथेच खिडकीत होती. तिच्यात रक्त नव्हतं. मी बाटलीकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. चौथी पट्टी केली. तीच.

आई न्हाणीच्या दारात उभी होती. तिला वाचता येतं तेवढं येतं, पण रंग सगळ्यांना येतात. तिने विचारलं, "वाईट काय?"

मी म्हटलं, "रिक्षा बोलव."

डॉक्टर नेत्रांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, परत बांधला. मग छोटा पट्टा मागवला आणि तिसऱ्यांदा बांधला. वरचा आकडा एकशे चाळीसच्या पुढे. आठ वर्षांच्या पोरीचा. माझासुद्धा एवढा नसतो. त्या मला रागावतील अशी मी तयारी ठेवली होती, उत्तरं ठरवून ठेवली होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी दिशाच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला, आणि खड्ड्याकडे बघत राहिल्या.

"लघवीला फेस कधीपासून येतो?"

"दोन-चार दिवस," मी म्हटलं.

"बाबा," दिशा म्हणाली, "गणपतीपासून. तुम्हीच म्हणालात ना, साबणाचा आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. लिहीत राहिल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "मुंबईला न्यायचं. आजच निघा. लहान मुलांच्या मूत्रपिंडाचे डॉक्टर हवेत, सुईने तुकडा काढून बघावा लागेल. मी फोन करते." मी विचारलं, किती बिघडलं असेल. "ते तुकड्यावरून कळेल. आत्ता सांगितलं तर अंदाज होईल, आणि अंदाज नको." दुसऱ्या कुठल्या दिवशी हे वाक्य मला आवडलं असतं.

त्यांनी दिलेली प्रेशरची गोळी इथेच गिळायला लावली. हे पत्र गाडी सुटायच्या आधी स्टँडवर लिहितोय, समोर टपालपेटी आहे, तिच्यात टाकतो. ते तुला मिळेल तेव्हा आम्ही मुंबईत असू आणि आईने तुला फोन केलेला असेल. तरी लिहितोय. आई दिशाला मांडीवर घेऊन बसली आहे. दिशा विचारते आहे, ताई येणार का. मी म्हटलं, ताईला काम असतं. तुझ्याकडे उतरायला जागा नसेल तर मी फलाटावरही राहीन, मला सवय आहे. आईची तेवढी सोय बघ.

बाबा


भाट्ये, २ नोव्हेंबर

रुचिरा,

वॉर्डात तू आणि मी दिशाच्या दोन बाजूंना एवढे दिवस बसलो आणि बोललो ते लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबत नाही याबद्दल. म्हणून परत कागद.

तुकडा काढला त्या दिवशी मी चहाला म्हणून खाली गेलो. चहा घेतला नाही. तिचा हात तू धरला होतास हे मी दाराच्या काचेतून बघितलं होतं आणि तेवढं पुरे होतं. नंतर मोठ्या डॉक्टरांनी कागदावर गोल काढून दाखवले. मूत्रपिंडात गाळण्या असतात, लाखो, केसाएवढ्या नळ्यांच्या गुंडाळ्या. तुकड्यात जेवढ्या सापडल्या त्यातल्या जवळजवळ निम्म्यांत एका कडेला पेशी साचून चंद्रकोर झाली आहे. त्यांनी पेनने कोर काढली. ती गाळणीला दाबत जाते, आणि वाळून घट्ट झाली की ती गाळणी गेली. ओली आहे तोवर औषधाने मागे हटू शकते. कुठली ओली आणि कुठली वाळलेली, हे तू त्यांना विचारलंस. मला तो प्रश्न सुचला नसता.

दुसराही प्रश्न तू विचारलास, मी लिफ्टपाशी गेलोय असं समजून. महिनाभर आधी आणली असती तर? ते म्हणाले, "आता त्याचं उत्तर घेऊन काय करणार?" मी खांबामागे होतो.

घरचं सांगतो. सलाइनमधून दिलेलं औषध आता गोळ्यांतून चालू आहे. चेहरा गोल झालाय, ही सूज नाही, औषधाचा गुण आहे, हे मी जाईबाईला दोनदा समजावलं. परत "बाळसं" म्हणाली असती तर आईने तिला झाडूने हाकलली असती. भूक राक्षसासारखी आणि मीठ बंद. आई तिच्यासाठी आमटी वेगळी शिजवते आणि मग तीच बिनमिठाची सगळ्यांना वाढते. दिशा तोंड वाकडं करून म्हणते, "आई, समुद्र एवढा जवळ आहे, थोडा घाल ना." लोकांना घरात घ्यायचं नाही, कुणाची सर्दी तिला लागता कामा नये. घासकाम मी शेडमधून काढून पलीकडच्या गंगारामच्या आवारात नेलं आहे. गंगाराम त्याच्या सत्तर वर्षांच्या कमरेवर हात ठेवून म्हणतो, "सदू, तुझी काच आता मी खाऊ काय?" पण जागा दिली.

रोज सकाळी पट्टी मी करतो. प्रेशरही मीच बघतो, ती उठून बोलायला लागायच्या आत, उजव्या हाताला, छोट्या पट्ट्याने. पट्टीचा फोटो तुला पाठवतो. तू "बघितलं" असं लिहितेस, पुढे काही नाही. ते पुरतं. मात्र कालच्या फोटोखाली तू काहीच लिहिलं नाहीस. तो हिरवा मीही बघितला होता. आज डॉक्टर नेत्रांनी रक्त घेतलं. क्रिएटिनिन, जे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचं असतं, ते मुंबईहून आलो तेव्हापेक्षा वर गेलं आहे. त्या म्हणाल्या, एका आकड्यावरून ठरवायचं नाही, आठवड्याने परत. हे त्यांनी दाराकडे बघत सांगितलं. असंच चढत राहिलं तर पुढे काय, हे मी विचारलं. त्यांनी सांगितलं. ते मी आईला सांगितलेलं नाही. तुला सांगायची गरज नाही, तुला आधीपासून माहीत आहे.

दिशाने विचारलं, "बाबा, माझी गळती कुठे आहे ते दिसलं काय तुम्हाला?" मी म्हटलं, दिसली. "मग बुजवा ना." मी तिला म्हटलं, औषध बुजवतंय, मी फक्त बघतोय. तिला हे पटलेलं दिसलं नाही. तिने मला कधी नुसतं बघत बसलेलं बघितलेलं नाही.

आणखी एक, आई फोनवर सांगेल त्याआधी माझ्याकडून. मंगळवारी गोव्याहून राकेश म्हणून एक जण आला. त्यांचं तिथे होड्या बांधायचं यार्ड आहे. हितेशची होडी त्याने पाण्यात बघितली, खाली वाकून तळ हाताने चाचपला आणि विचारलं, ही कुठल्या इंजिनिअरची. हितेशने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांना तीन मोठ्या होड्या हव्यात, साचा माझा, माणसं माझ्या हाताखाली, आणि प्रत्येकीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पितळेच्या पाटीवर नाव: सदानंद मिस्त्री, भाट्ये. अट एकच, परवा निघायचं आणि मेपर्यंत यार्डातच राहायचं. आई म्हणाली, "जावा. मी बघते पोरीचं." ती बघेल हे मला माहीत आहे. पट्टी करायलाही मी तिला शिकवू शकलो असतो, तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. राकेशने विचारलं, घरी काही अडचण आहे काय. मी म्हटलं, सकाळी मला इथे काम असतं. तो हसला, त्याला वाटलं मी भाव वाढवतोय, आणि त्याने आकडा वाढवला. मी परत नाही म्हटलं. मेपर्यंतचे, खाऊनपिऊन, नऊ लाख साठ हजार.

बाबा